पहिली बोली कोपऱ्यावर लावायची का? कबड्डीच्या लिलावाचा छोटासा इतिहास

ज्यांना इयरफोन लावून ऐकायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित मजकूर. बोलताना जिथे भरकटलो, तिथे थोडी काटछाट केली आहे. बाकी जसं बोललो तसंच आहे.

सुरुवात नागपुरातल्याच एका गोष्टीपासून करतो. आमच्या जुन्या कॉलनीतली पोरं दर जानेवारीत एक कबड्डी स्पर्धा भरवतात. सहा टीम, दोन दिवस, मातीचं मैदान. तीन वर्षांपूर्वी कुणीतरी म्हणालं की टीम चिठ्ठ्या टाकून पाडण्यापेक्षा ऑक्शन करू. तेव्हापासून प्रत्येक कॅप्टनला १०० पॉइंट मिळतात आणि रविवारी सकाळी तर्री पोह्याच्या ठेल्यापाशी उभं राहून आम्ही एकमेकांवर बोली लावतो.

मागच्या वर्षी मी कॅप्टन होतो. १०० पैकी ६२ पॉइंट एकाच रेडरवर उडवले. पोरगा भारी आहे, त्यात वाद नाही. पण पहिल्या मॅचमध्ये तो तिसऱ्या मिनिटाला बाद झाला आणि पुढची सहा-सात मिनिटं बाहेर बसून आमच्याकडे बघत राहिला. त्याला आत आणायला पॉइंट लागत होता. पॉइंट मिळवायला समोरचा रेडर पकडावा लागत होता. आणि पकडणारं आमच्याकडे कोणी नव्हतं. तिन्ही मॅच हरलो.

आमच्यातला सगळ्यात चांगला डावा कोपरा, म्हणजे लेफ्ट कॉर्नर, त्या दिवशी शेवटी २ पॉइंटला गेला. तो माझा शाळेपासूनचा मित्र आहे. काही बोलला नाही. मॅच संपल्यावर फक्त एवढंच म्हणाला, "अबे, डिफेंडरवर कोण पैसे लावते?"

या भागाचा प्रश्न तोच आहे. कोण लावतं? लावावेत का? आणि इतिहास काय सांगतो?

आधी थोडं अमेरिकेत जाऊन येऊ

हा प्रश्न फक्त आपला नाही. अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएलमध्ये दरवर्षी ड्राफ्ट होतो. तिथे बोली नसते, पाळी असते. ३२ संघ, सात फेऱ्या. साधारणपणे मागच्या हंगामात सगळ्यात वाईट खेळलेला संघ पहिला खेळाडू निवडतो. त्यामुळे पहिल्या फेरीतली निवड म्हणजे सोनं. ती कोणावर खर्च करायची, यावर तिकडे महिनोन्‌महिने वाद चालतात.

त्या खेळात सेंटर नावाची एक जागा आहे. हा माणूस रांगेच्या मधोमध वाकून उभा असतो आणि दोन पायांमधून चेंडू मागे देतो. बहुतेक प्रत्येक डाव त्याच्या हातून सुरू होतो. समोरचे कुठून घुसणार, हे ओळखून शेजाऱ्यांना सांगणं हेही त्याचंच काम. पण टीव्हीवर कॅमेरा जातो चेंडूच्या मागे, आणि सेंटर दिसतो तो बहुतेक वेळा कुणाच्या तरी खाली दबलेला.

मग सेंटर पहिल्या फेरीत घ्यायचा का? २०१३ मध्ये डॅलस काउबॉइज संघाने ट्रॅव्हिस फ्रेडरिकला ३१व्या क्रमांकावर उचललं, तेव्हा बऱ्याच जाणकारांनी नाकं मुरडली. एवढ्या लवकर सेंटर? पण पुढची अनेक वर्षं तो लीगमधल्या सर्वोत्तम सेंटरमध्ये मोजला गेला. आता दुसरी बाजू. फिलाडेल्फिया ईगल्सने २०११ मध्ये जेसन केल्सीला सहाव्या फेरीत, १९१व्या क्रमांकावर घेतलं. म्हणजे जवळपास उरलेल्या मालातून. तो पुढे त्या पिढीतला सगळ्यात नावाजलेला सेंटर झाला आणि २०१८ च्या फेब्रुवारीत त्याच्या संघाने सुपर बाउल जिंकला.

म्हणजे एक उदाहरण सांगतं, लवकर घ्या. दुसरं सांगतं, घाई कशाला, नंतरही मिळतो. हे दोन मुद्दे डोक्यात ठेवा, आपल्या मातीवर ते पुन्हा भेटणार आहेत.

आपला सेंटर कोण?

कबड्डीत सात जण असतात. दोन टोकांना दोन कोपरे, त्यांच्या आतल्या बाजूला इन, मग कव्हर, म्हणजे आपले मध्यरक्षक, आणि मधोमध एक. पण जागेचं नाव 'सेंटर' असलं तरी तिकडच्या सेंटरचं काम आपल्याकडे कोपरा करतो. रेडर आत आला की पहिली हालचाल बहुतेक वेळा कोपऱ्याची. घोटा धरायला तो आधी वाकतो. तो वाकला की कव्हरने ब्लॉक किंवा डॅश करायचा. तो चुकीच्या क्षणी वाकला की सगळी साखळी तुटते आणि रेडर एकाऐवजी तीन पॉइंट घेऊन जातो.

मी स्वतः कॉलेजमध्ये उजवा कोपरा खेळायचो. रेड जमत नव्हती म्हणून, हे उघडच आहे. चार वर्षांत माझा एकही फोटो नोटीस बोर्डावर लागला नाही. असो.

आपल्या विदर्भाचं या खेळाशी नातं जुनं आहे. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा चमू तिकडे गेला होता आणि त्यांनी भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली, त्यात कबड्डीही होती. नागपूरहून अमरावती दीडशे किलोमीटर. म्हणजे जगाला कबड्डी दाखवणारे लोक आपल्या शेजारचेच. पण तेव्हा खेळाडूची किंमत हा विषयच नव्हता. पुढची अनेक दशकं कबड्डीपटूचं सगळ्यात मोठं स्वप्न म्हणजे रेल्वे, पोलीस किंवा बँकेतली नोकरी.

किंमत आली २०१४ मध्ये.

दहा लिलाव, एक विचित्र गोष्ट

प्रो कबड्डी लीगचा पहिला लिलाव २०१४ च्या मे महिन्यात झाला. सगळ्यात महाग खेळाडू राकेश कुमार, पाटणा पायरेट्सकडे, १२ लाख ८० हजार रुपये. आज हा आकडा एखाद्या आयटी कंपनीतल्या पॅकेजसारखा वाटतो. नऊ वर्षांनी, २०२३ मध्ये, पवन सेहरावतवर तेलुगू टायटन्सने २ कोटी ६० लाख ५० हजारांची बोली लावली. वीस पट!

मी काय केलं, एक साधी एक्सेल शीट बनवली. मोठे दहा लिलाव घेतले. प्रत्येक लिलावातला सगळ्यात महाग खेळाडू लिहिला आणि शेजारी लिहिलं, त्या हंगामात त्याचा संघ जिंकला का.

२०१४, राकेश कुमार, पाटणा. विजेतेपद जयपूर पिंक पँथर्सकडे.
२०१६, मोहित छिल्लर, बंगळूर बुल्स, ५३ लाख. संघ उपांत्य फेरीतसुद्धा नाही.
२०१७, नितीन तोमर, यूपी योद्धा, ९३ लाख. जिंकलं पाटणा.
२०१८, मोनू गोयत, हरियाणा स्टीलर्स, १ कोटी ५१ लाख. प्लेऑफ नाही.
२०१९, आपला कोल्हापूरकडचा सिद्धार्थ देसाई, तेलुगू टायटन्स, १ कोटी ४५ लाख. प्लेऑफ नाही.
२०२१, परदीप नरवाल, यूपी योद्धा, १ कोटी ६५ लाख. उपांत्य फेरीत बाहेर.
२०२२, पवन सेहरावत, तमिळ थलायवाज, २ कोटी २६ लाख ५० हजार. पहिल्याच सामन्यात गुडघा दुखावला, हंगाम संपला.
२०२३, पुन्हा पवन, तेलुगू टायटन्स. २२ पैकी फक्त २ सामने जिंकले, संघ तळाला.
२०२४, सचिन तंवर, तमिळ थलायवाज, २ कोटी १५ लाख. प्लेऑफ नाही.
२०२५, मोहम्मदरझा शादलू, गुजरात जायंट्स, २ कोटी २३ लाख. प्लेऑफ नाही.

दहापैकी शून्य. लिलावातला सगळ्यात महाग खेळाडू घेऊन त्या हंगामात कुणीच ट्रॉफी उचललेली नाही.

आता इंजिनिअर म्हणून मला माहीत आहे की दहा ओळींच्या डेटावर एवढं उडायचं नसतं. बारा संघांपैकी एकच जिंकतो, त्यामुळे बहुतेक जण हरणारच. शिवाय वाईट खेळलेले संघच जास्त खेळाडू सोडतात आणि त्यांच्याच खिशात जास्त पैसे उरतात. तरीपण दहापैकी शून्य बघून कॅप्टनने दोन मिनिटं थांबून विचार करायला हवा. मी तो मागच्या वर्षी केला नव्हता.

आणि २०२२ ची ओळ पुन्हा बघा. पवन पहिल्याच सामन्यात गेला, आणि तमिळ थलायवाज त्याच हंगामात पहिल्यांदा उपांत्य फेरीत पोचले. सव्वादोन कोटींचा माणूस बाहेर बसलेला, आणि संघ इतिहासातला सगळ्यात चांगला हंगाम खेळतोय.

रेडर महाग का?

कारण आकडे त्याच्या बाजूने बोलतात. एका हंगामातल्या रेड पॉइंटचा विक्रम परदीप नरवालचा आहे, २०१७ मध्ये ३६९. एका हंगामात १०० टॅकल पॉइंट गाठणारा पहिला डिफेंडर यूपी योद्धाचा नितेश कुमार, तो २०१८ च्या हंगामात. ३६९ आणि १००. शेजारी ठेवले की लहान मूलही सांगेल कोण मोठा.

पण हा हिशोब अर्धाच आहे. रेडरने एक गडी मारला, तर एक पॉइंट आणि समोरचा एक डिफेंडर बाहेर. कोपऱ्याने रेडर पकडला, तर तोही एकच पॉइंट. पण बाहेर कोण गेला? त्यांचा रेडर! म्हणजे ज्याच्यावर त्यांचा सगळा स्कोअर उभा आहे तो. आता त्यांच्या संघाने पॉइंट मिळवेपर्यंत तो बाकावर. मुख्य रेडर बाहेर असला की पॉइंट मिळवणं आणखी अवघड, म्हणून तो आणखी वेळ बाहेर. चाळीस मिनिटांच्या सामन्यात एका चांगल्या पकडीने तुम्ही समोरच्या संघाची पाच-सात मिनिटं खाऊन टाकता. स्कोअरबोर्डवर मात्र दिसतो १.

आमच्या कामात असंच असतं. सर्व्हर पडला नाही, तर त्याचा रिपोर्ट कुणी बनवत नाही.

म्हणजे डिफेंडर स्वस्त आहे त्याचं एक कारण असं की त्याचं काम मोजायची पट्टीच चुकीची आहे. ज्या गोष्टीची किंमत बाजाराला नीट मोजता येत नाही, तिथेच हुशार गिऱ्हाइकाला फायदा असतो.

पुण्याचा डाव

हा फायदा सगळ्यात स्वच्छ कुणी उचलला असेल, तर पुणेरी पलटणने.

२०२२ च्या लिलावात पुण्याने १ कोटी ३८ लाख रुपये लावले ते फझल अत्राचलीवर. इराणचा डावा कोपरा. हाच फझल २०१८ मध्ये यू मुंबाकडे १ कोटीला गेला होता आणि प्रो कबड्डीतला पहिला करोडपती ठरला होता. लक्षात घ्या, पहिला करोडपती एक डिफेंडर होता! २०२२ च्या डिसेंबरमध्ये पुणे पहिल्यांदा अंतिम फेरीत पोचलं आणि जयपूरकडून २९-३३ हरलं.

पुढच्या लिलावात त्यांनी काय केलं? फझल गुजरातकडे गेला, १ कोटी ६० लाखांना. पुण्याने पुन्हा डावा कोपराच घेतला, पुन्हा इराणचाच. मोहम्मदरझा शादलू, २ कोटी ३५ लाख. त्या वर्षी प्रत्येक संघाची तिजोरी ५ कोटींची होती. म्हणजे ४७ टक्के एका डाव्या कोपऱ्याच्या नावावर! त्या लिलावातली ही दुसऱ्या नंबरची बोली.

मग रेड कोण करणार? अस्लम इनामदार, नगर जिल्ह्यातला पोरगा, आणि कॅप्टनही तोच. मोहित गोयत, पंकज मोहिते. यांना पुण्याने आधीपासून घरात वाढवलं होतं, बाजारातून महागात आणलं नव्हतं. शादलूच्या सोबतीला उजव्या कोपऱ्यात गौरव खत्री, आणि कव्हरला अबिनेश नादराजन आणि संकेत सावंत.

साखळी फेरीत पुणे २२ पैकी फक्त २ सामने हरलं. त्याच हंगामात सगळ्यात महाग रेडर घेतलेले टायटन्स फक्त २ जिंकले. शादलूने ९९ टॅकल पॉइंट काढले. १ मार्च २०२४ ला हैदराबादमध्ये पुण्याने हरियाणाला २८-२५ हरवलं आणि पहिल्यांदा चषक घेतला. आणि गंमत बघा, त्या फायनलमध्ये मोठा झटका दिला तो रेडरनेच. पंकज मोहितेने एका रेडमध्ये ४ पॉइंट आणले. कोपऱ्यावर पैसे लावले म्हणून रेडर नको, असं कुणीच म्हणत नाहीये.

पुढच्या वर्षी हरलेल्या हरियाणाने शादलूलाच उचललं, २ कोटी ७ लाखांना. पुन्हा दुसऱ्या नंबरची बोली. २९ डिसेंबर २०२४, पुण्यातलं बालेवाडी. हरियाणा ३२, पाटणा २३. पाटण्याकडे त्या हंगामातला सगळ्यात जास्त रेड पॉइंट घेणारा देवांक होता, ३०१ पॉइंटवाला. ट्रॉफी गेली शादलूच्या संघाकडे.

आता माझ्याच मुद्द्याला भोक पाडतो

इथे थांबलो असतो तर भाग छान संपला असता. पण ते बरोबर होणार नाही.

पहिली गोष्ट, रेडरच्या जोरावरही ट्रॉफी आली आहे. २०१७ मध्ये परदीपच्या ३६९ पॉइंटवर पाटणा सलग तिसऱ्यांदा जिंकलं. २०१८ च्या हंगामाच्या फायनलमध्ये पवनने एकट्याने २२ पॉइंट काढले आणि बंगळूर विजेता झाला. फक्त हे दोघंही तेव्हा त्या संघांची लिलावातली विक्रमी खरेदी नव्हते.

दुसरी गोष्ट, शादलू नुसता कोपरा नाही, तो ऑलराउंडर म्हणून लिलावात येतो आणि गरज पडली की रेडही मारतो. असा माणूस दरवर्षी मिळत नाही.

तिसरी, आपल्याकडेही केल्सी आहेत. २०२२ च्या हंगामात सर्वोत्तम डिफेंडर कोण? अंकुश, जयपूरचा डावा कोपरा, ८९ टॅकल पॉइंट. हा त्याचा पहिलाच हंगाम होता, आणि जयपूर विजेते ठरले. शादलूसुद्धा २०२१ च्या लिलावात पाटण्याला ३१ लाखांत मिळाला होता. कोपरा स्वस्तातही मिळतो, शोधणारा डोळा असेल तर.

आणि चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, ती म्हणजे यादीतल्या २०१६ आणि २०२५ च्या ओळी. दोन्ही वेळा सगळ्यात महाग खेळाडू कोपराच होता. मोहित छिल्लर यू मुंबाच्या भिंतीतून उचलला गेला होता, जिथे दुसऱ्या कोपऱ्याला सुरेंदर नाडा आणि कव्हरला विशाल माने, जीवा कुमार अशी माणसं सोबत उभी असायची. बंगळूरने त्याच लिलावात नाडालाही घेतलं, तरी जमलं नाही. दोन कोपरे आले, पण भिंत आली नाही. गुजरातने २०२५ मध्ये शादलू घेतला, आणि सलग दोन वर्षं दोन वेगळ्या संघांकडून जिंकलेला माणूस तिसऱ्या ठिकाणी तळाच्या गर्दीत अडकला. माणूस तोच. बदलली ती आजूबाजूची माणसं.

उलट त्याच हंगामात फझल दबंग दिल्लीकडे होता. ३१ ऑक्टोबर २०२५, दिल्ली विरुद्ध पुणे, फायनल. शेवटच्या क्षणांत पुण्याच्या आदित्य शिंदेला पकडण्यात फझलच पुढे होता. दिल्ली ३१, पुणे २८. त्याच्यासोबत अशी टीम होती जिच्यात बाकीच्या जागा आधीच भरलेल्या होत्या.

मग पहिली बोली कोपऱ्यावर लावायची का?

माझं उत्तर असं. घरात रेडर वाढलेला असेल आणि कव्हरला भरवशाची माणसं आधीच उभी असतील, तर हो, पहिला मोठा पैसा कोपऱ्यावर लावा, आणि बाजार हसला तरी लावा. पण टीम रिकामी असताना कोपरा विकत घेऊन भिंत आपोआप उभी राहील असं वाटत असेल, तर ते पैसे पाण्यात. कोपरा हा भिंतीचा शेवटचा महागडा दगड आहे, पहिला नाही.

आमचं ऑक्शन पुढच्या रविवारी आहे. मी पुन्हा कॅप्टन आहे, कारण दुसरं कुणी व्हायला तयार नाही. या वेळी दोन नवे रेडर आहेत, एकोणीस-वीस वर्षांचे, ज्यांना अजून कुणी ओळखत नाही. रोज संध्याकाळी ग्राउंडवर बघतोय, ते स्वस्तात येतील. दोन कव्हर मिळून २५ पॉइंटच्या आत बसतील. आणि उरलेल्यातले ४० पॉइंट मी त्या मित्राच्या नावावर बाजूला काढून ठेवले आहेत.

तो आता २९ चा आहे. डाव्या गुडघ्याला पट्टा बांधून खेळतो आणि हे शेवटचं वर्ष असं म्हणतोय. त्याला हे अजून सांगितलेलं नाही. हा भाग तो ऐकतो की नाही, माहीत नाही. ऐकत असशील तर, भाऊ, कुणी लावत नाही ना डिफेंडरवर पैसे? रविवारी पोह्याच्या ठेल्यावर ये.

आणि बाकी मंडळी, तुमच्या गावच्या, कॉलेजच्या, गल्लीच्या टीममध्ये डावा कोपरा कोण होता, त्याचं नाव आठवतंय का? आठवत असेल तर आज त्याला एक फोन करा. रेडरला करायची गरज नाही, त्याला लोक तसेही करतात.

भेटू पुढच्या भागात.